पीएसपीवर घरचा रेडिओ: मॉड केलेल्या कन्सोलवर गाणी स्ट्रीम करतंय का कोणी?

गोदाकाठी

नमस्कार मंडळी. इथे जुनी यंत्रं जिवंत ठेवणारे बरेच जण आहेत, म्हणून धागा काढतोय.

आमच्याकडे एक पीएसपी-२००० (सोनीचा हातात धरून खेळायचा कन्सोल, मॉड केलेला) कपाटात पडून होता. खेळायला कोणी उरलं नाही. एम.जी. रोडवर विचारून आलो तर कोणी धड भाव करेना, आणि फेकवत तर नाहीच. सध्या तो आमच्या आप्पांच्या उशाशी असतो आणि दिवसभर गातो. गाणी त्याच्या कार्डवर नाहीत. हॉलमध्ये टीव्हीच्या मागे एक रास्पबेरी पाय (तळहाताएवढा छोटा संगणक) ठेवलाय, तिथून वायफायने येतात. आप्पांच्या जुन्या कॅसेट मी डेक जोडून ऑडॅसिटीत उतरवून घेतल्या, काही सीडी होत्या त्या रिप केल्या, सगळा ऐवज त्या पायवर आहे.

आता मुद्द्याचं. यात दोन अडचणी येतात आणि दोन्ही गेमशी संबंधित नाहीत.

पहिली वायफायची. पीएसपी जपानमध्ये आला २००४ च्या डिसेंबरात. वायफाय ८०२.११बी, म्हणजे फक्त २.४ गिगाहर्ट्झ आणि कागदावर ११ एमबीपीएस. गाण्याला हे रग्गड झालं: १२८ केबीपीएसच्या एमपी३ ला सेकंदाला १६ केबी लागतात, तासाला साधारण ५८ एमबी. अडतं ते सुरक्षेपाशी. मूळ फर्मवेअरला (यंत्राच्या आतल्या सॉफ्टवेअरला) वायफाय सुरक्षेच्या जुन्या पद्धती, डब्ल्यूईपी आणि पहिलं डब्ल्यूपीए, कळतात, डब्ल्यूपीए२ कळत नाही. आताचे राउटर त्याच्या खाली उतरत नाहीत. त्यामुळे नेटवर्क यादीत दिसतं, सिग्नल पूर्ण दिसतो, पासवर्ड बरोबर असतो आणि तरी जोडणी होत नाही.

दुसरी अडचण एचटीटीपीएसची, म्हणजे संकेतस्थळांशी होणाऱ्या कूटबद्ध जोडणीची. पीएसपीचा ब्राउझर त्यामागच्या टीएलएस पद्धतीच्या १.० आवृत्तीच्या पुढे जात नाही आणि आजचे बहुतेक सर्व्हर ते बोलणंच बंद करून बसलेत. कस्टम फर्मवेअर (सोनीचं नव्हे, हौशी लोकांनी बदललेलं) टाकलं की सगळं चालेल असा समज दिसतो, तो डोक्यातून काढा. त्याने कुलूप उघडतं, नवे प्रोटोकॉल आपोआप येत नाहीत.

म्हणून जड काम सगळं पायकडे दिलंय. पायवर एमपीडी हा प्रोग्राम गाण्यांचा साठा सांभाळतो, एमपी३ करून आइसकास्ट या रेडिओ-सर्व्हरला देतो, आइसकास्ट ते घरातल्या घरात साध्या एचटीटीपीवर ८००० पोर्टला सोडतो. पीएसपीने फक्त घ्यायचं आणि वाजवायचं. त्यासाठी वेगळा प्लेयरही लागला नाही: सोनीने २००७ च्या डिसेंबरात ३.८० फर्मवेअरमध्ये इंटरनेट रेडिओ दिला होता, तो अजून आहे. मेमरी स्टिकवर पीएसपी फोल्डरच्या आत रेडिओप्लेयर नावाचा फोल्डर केला आणि त्यात स्वतःचं छोटं एचटीएमएल पान ठेवलं की नेटवर्कच्या रांगेत ते दिसतं. माझ्या पानावर चार मोठ्या ओळी आहेत: नाट्यगीतं, भावगीतं, शास्त्रीय, भजनं. आइसकास्टवर चार माउंट पॉइंट (म्हणजे चार वेगळे प्रवाह), इकडे चार ओळी. आप्पा बाणाच्या बटणाने वरखाली करतात आणि फुलीचं बटण दाबतात. गाणं पुढे ढकलता येत नाही, पण त्यांची त्याबद्दल तक्रार नाही. ‘रेडिओवर कुठे ढकलता यायचं?’ म्हणाले.

प्रश्न असा: आतल्या खोलीत सगळं छान चालतं, पण स्वयंपाकघरात मायक्रोवेव्ह सुरू झाला की गाणं तुटक होतं आणि कधी बंदच पडतं. काय करावं?

आणि आधीच सांगतो, गेमच्या कॉप्यांच्या लिंका इथे मागू नका.

---

सातपूरकर

वाचायला मजा आली, पण एक बाळबोध प्रश्न. जुना मोबाइल उशाशी ठेवला असता तर? हजारभरात मिळतो, ब्लूटूथ आहे, सगळी अॅप आहेत. पाय, आइसकास्ट, फर्मवेअर, एवढा द्राविडी प्राणायाम कशासाठी?

---

गोदाकाठी

@सातपूरकर, मोबाइल दिला होता. आप्पांचं बोट थरथरतं, काचेवर एकाच्या जागी तीन ठिकाणी लागतं. मग मध्येच कुठलीतरी जाहिरात उघडते, कोणाला तरी व्हिडिओ कॉल लागतो, आणि ते यंत्र पालथं घालून ठेवून देतात. पीएसपीला खरी बटणं आहेत, अंधारातही चाचपून सापडतात. स्क्रीनचं बटण दाबून धरलं की पडदा विझतो, उजवीकडची पट्टी खाली सरकवली की होल्ड, मग चादरीत दाबला गेला तरी फरक पडत नाही. ३.५ मिमीचं हेडफोनचं भोकही आहे, जे नव्या मोबाइलला शोधावं लागतं.

आणि खरं सांगू? मला करून बघायचं होतं.

---

सातपूरकर

शेवटची ओळ आधी लिहायची की राव :) मान्य.

---

कंडेन्सर

मायक्रोवेव्हचं सोपं आहे. तो चालतो २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास, वायफायही तिथेच. राउटर बहुतेक ६ किंवा ११ नंबरच्या चॅनेलवर असेल. १ वर नेऊन बघा, ते ओव्हनच्या पट्ट्यापासून सगळ्यात लांब. ‘ऑटो’ वर ठेवू नका, रात्रीत परत ६ वर जाऊन बसेल.

दुसरं, आइसकास्टच्या कॉन्फिगमध्ये बर्स्ट-साइझ (जोडल्यावर एकदम पाठवायचा साठा) बघा. मुळात ६५५३५ बाइट असतो. तुमच्या १२८ केबीपीएसच्या हिशोबाने तो फक्त चार सेकंदांचा साठा झाला. तो चौपट करा, म्हणजे जोडल्या जोडल्या सोळा सेकंदांचं गाणं आगाऊ पाठवलं जाईल. क्यू-साइझ (सर्व्हरकडची रांग) त्याच्यापेक्षा मोठा असला पाहिजे, मुळात अर्ध्या एमबीचा असतो, त्यामुळे तिथे हात लावायची गरज पडू नये. अर्थात हे सगळं पाठवलेलं साठवायला समोरच्या प्लेयरकडे जागा हवी. २००० मॉडेलला ६४ एमबी रॅम आहे, पहिल्या १००० मॉडेलला निम्मी, ३२. १००० वाल्यांनी जपून वाढवावं.

तिसरं, पीएसपीच्याच पॉवर सेव्ह सेटिंगमध्ये डब्ल्यूलॅन पॉवर सेव्ह असतं. ते बंद करा. बॅटरी जरा लवकर उतरेल, पण रेडिओ मध्येमध्ये झोपणार नाही.

आणि आता थोडं रागावतो. तुम्ही वायफायचं कसं सोडवलंत ते लिहिलंच नाही. घरच्या मुख्य राउटरची सुरक्षा खाली आणली नाहीत ना?

---

गोदाकाठी

नाही हो. माळ्यावर जुना राउटर होता, तो वेगळा लावलाय. त्याच्यावर डब्ल्यूपीए-पीएसके एईएस, नाव वेगळं, पासवर्ड वेगळा. पण तो तसा मुख्य राउटरलाच केबलने जोडलेला आहे. चॅनेल बदलून बघतो आज.

---

कंडेन्सर

केबलने जोडलाय म्हणजे त्या कमकुवत नेटवर्कवर शिरलेला माणूस तिथून तुमच्या लॅपटॉपपर्यंत चालत जाऊ शकतो. सोसायटीत शेजारची पोरं काय काय करून बघतात, सांगायला नको. मॅक फिल्टरवर (यंत्राचा पत्ता बघून आत घेणाऱ्या यादीवर) विसंबू नका, तो पत्ता नक्कल करायला मिनिट लागत नाही.

माझ्याकडे (३००० मॉडेल) अशी रचना आहे: पायच्या अंगच्या वायफायवर हॉस्टएपीडी या प्रोग्रामने वेगळं नेटवर्क, त्याला वेगळा सबनेट (पत्त्यांचा स्वतंत्र गट), आणि फायरवॉलमध्ये एकच दार, पायचं ८०००. तिथून बाहेर इंटरनेट नाही, घरातल्या इतर यंत्रांकडे वाट नाही. कोणी घुसलाच तर त्याला नाट्यगीतं ऐकावी लागतील, बस.

दुसरा रस्ता तुम्ही मॉडच केलाय म्हणून उपलब्ध आहे. आर्क-४ या कस्टम फर्मवेअरवर डब्ल्यूपीए२ चं प्लगइन चालतं. ते बसवलं की नेहमीच्या डब्ल्यूपीए२ नेटवर्कला पीएसपी जोडला जातो. मात्र राउटर २.४ वर आणि जुने वेग चालू असलेला हवा. ‘फक्त एन’ (८०२.११एन) करून ठेवलेल्या राउटरला बी वाला पाहुणा चालत नाही. मूळ फर्मवेअर शेवटचं ६.६१ आहे, त्यावरून पुढे जा.

---

जुना_खेळिया

पीएसपी मॉड म्हटलं की आमच्या पिढीला पॅन्डोरा बॅटरी आठवते. २००७ चं प्रकरण. बॅटरीच्या आतल्या चिपमधला अनुक्रमांक बदलला की कन्सोल तिला सर्व्हिस सेंटरची बॅटरी समजायचा आणि थेट मेमरी स्टिकवरून बूट व्हायचा. मेलेले कन्सोल उठून बसायचे. कॉलेज रोडला एका मित्राकडे अशी एकच बॅटरी होती आणि ती हातोहात सगळ्या ग्रुपात फिरायची. आता एवढं करावं लागत नाही. इन्फिनिटी हे सॉफ्टवेअर टाकलं की कन्सोल पूर्ण बंद करून चालू केला तरी कस्टम फर्मवेअर टिकतं. आधी ३००० वाल्यांना प्रत्येक वेळी हाताने परत सुरू करावं लागायचं.

पण माझा खरा प्रतिसाद बॅटरीबद्दल आहे. आप्पांच्या उशाशी म्हणालात. मागचं झाकण काढून बॅटरी सपाट पट्टीवर ठेवून बघितलीत का? डगमगली किंवा मधून फुगीर वाटली, तर त्याच क्षणी बाहेर. दाबून बसवायचा प्रयत्न नको, टोचून बघणं तर नकोच. ई-कचऱ्यात द्या. २००० ची मूळ बॅटरी १२०० एमएएचची, तिचं वय आता किती झालं बघा. बाजारात नव्या म्हणून मिळतात त्यांच्यावर काहीही आकडे छापलेले असतात.

उशाशी एकाच जागी राहणार असेल तर बॅटरी काढूनच टाका. पीएसपी नुसत्या ५ व्होल्टच्या अडॅप्टरवर चालतो. लाइट गेली की बंद पडेल, तेवढंच. वायफाय सतत चालू ठेवून बॅटरीवर तसाही फार वेळ काढत नाही तो.

---

गोदाकाठी

@जुना_खेळिया, अडॅप्टरवरच चालवतोय, पण बॅटरी आत ठेवूनच. आज झाकण काढून बघितलं. पट्टीवर ठेवली तर एका बाजूने किंचित हलते. काढून टाकली. धन्यवाद, हे खरंच महत्त्वाचं होतं.

---

सिडकोची_सून

व्हिटावाल्या (पीएसपीनंतरचा सोनीचा कन्सोल) कोणी दिसल्या नाहीत म्हणून मीच लिहिते.

माझ्याकडे पहिल्या मॉडेलचा व्हिटा आहे, ओलेड पडद्याचा. वायफाय बी/जी/एन आणि डब्ल्यूपीए२, त्यामुळे तुमची पहिली अडचण मुळातच नाही. ब्लूटूथवर हेडफोन जोडता येतो, ही चैन पीएसपीच्या नशिबी नाही (पीएसपी गो वगळता). २०१६ च्या जुलैत ३.६० फर्मवेअरसाठी हेन्काकू नावाचा मॉड आला, पुढच्या वर्षी एन्सो, त्यामुळे बंद करून चालू केला तरी मॉड टिकतो. सोनीची स्वतःची मेमरी कार्डं म्हणजे सोन्याच्या भावाची. एसडी२व्हिटा नावाची छोटी पट्टी गेमच्या खाचेत घालून साधं मायक्रोएसडी वापरते मी. कार्डवरच्या गाण्यांना एलेव्हनएमपीव्ही हा प्लेयर, तो फ्लॅकसुद्धा वाजवतो आणि मागे चालू राहतो. जुन्या फर्मवेअरची टीएलएसची अडचण असेल तर आयटीएलएस-एन्सो नावाचं पॅकेज आहे, त्याने टीएलएस १.२ आणि नवी प्रमाणपत्रं मिळतात.

पण धागाकर्त्यांचं म्हणणं मला पटतं. बाहेरची सेवा कन्सोलला थेट जोडायच्या मागे लागलं की दर काही महिन्यांनी कुठेतरी काहीतरी तुटतं. घरात साधा एचटीटीपी प्रवाह ठेवला की तो सगळ्यांना चालतो. माझ्या नवऱ्याचा जुना टॅब, व्हिटा, स्वयंपाकघरातला स्पीकर, सगळे एकाच पत्त्यावर.

---

आरे_नवीन_आहे

धागा भारी आहे. स्पॉटिफाय चालेल का पीएसपीवर? माझ्याकडे प्रीमियम आहे.

---

गोदाकाठी

थेट नाही. त्यांचं अॅप पीएसपीसाठी कधी निघालंच नाही, आणि गाणी कुलूपबंद येतात. पायवर मधला कार्यक्रम बसवून ते आइसकास्टमध्ये ओतणारे लोक आहेत, पण ते त्यांच्या अटींत बसत नाही. खातं बंद झालं तर रडत इकडे येऊ नका. स्वतःच्या सीडी, कॅसेट, विकत घेतलेल्या फाइली, यात भरपूर होतं की.

---

कंडेन्सर

+१. निन्टेन्डोच्या थ्रीडीएसवाल्यांसाठी जाता जाता: लुमा (तिथलं कस्टम फर्मवेअर) टाकलेल्या थ्रीडीएसवर यूट्यूब बघण्यासाठी थर्डट्यूब नावाचं होमब्रू (हौशी लोकांनी लिहिलेला प्रोग्राम) आहे. निन्टेन्डोने थ्रीडीएसची ऑनलाइन सेवा ८ एप्रिल २०२४ ला बंद केली, त्याचा अशा होमब्रूवर परिणाम नाही, कारण ती त्यांच्या सर्व्हरवर अवलंबून नव्हतीच. त्यांच्याच स्विच कन्सोलबद्दल मात्र मी गप्प राहीन. तिथे मॉड केलेलं यंत्र ऑनलाइन नेलं की बंदी येते, आणि गाण्यासाठी ती जोखीम कोण घेणार.

---

रसिक_पंचवटी

मला यातलं तांत्रिक फारसं कळत नाही, मुलगा वाचून दाखवतोय. दोन गोष्टी विचारतो.

एक, माझी सकाळ आकाशवाणीवर होते. नाशिक केंद्र १०१.४ वर साध्या रेडिओवर लागतं, त्याला कशाला हात लावायचा. पण इतर केंद्रांचे शास्त्रीय संगीताचे कार्यक्रम आता मोबाइलवर ऐकावे लागतात. ते या यंत्रावर येतील का?

दोन, माझ्याकडे पं. द. वि. पलुसकरांच्या जुन्या तबकड्या आहेत. विष्णु दिगंबरांचे चिरंजीव, जन्म इथलाच, नाशिकचा, १९२१ चा. १९५५ साली गेले, वय अवघं चौतीस. त्या तबकड्या यात भरता येतील का, आणि ते कायद्याला धरून होईल का? उगाच म्हातारपणी नोटीस नको.

---

गोदाकाठी

काका, दोन्ही जमेल.

आकाशवाणीचे ऑनलाइन प्रवाह एचएलएस पद्धतीचे असतात. म्हणजे कार्यक्रमाचे काही सेकंदांचे तुकडे करून त्यांची यादी पाठवतात, आणि ती यादी सारखी बदलत राहते. पीएसपीला ही भानगड झेपत नाही. पायवर एफएफएमपेग हा प्रोग्राम तो प्रवाह घेतो, सलग एमपी३ करतो आणि आइसकास्टच्या पाचव्या माउंटवर सोडतो. आप्पांच्या पानावर तशी पाचवी ओळ काल वाढवली. थेट प्रक्षेपणापेक्षा पाऊण-एक मिनिट मागे असतं. त्यामुळे बातम्यांच्या वेळी घड्याळ लावायला जाऊ नका.

तबकड्यांचं कायद्याचं कोणी जाणकार सांगेल.

---

दावा_दाखल

जाणकार म्हणजे वकिली करतो, एवढंच.

आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रणाचा हक्क ६० वर्षांचा. मोजायचा तो ज्या वर्षी तबकडी बाजारात आली त्याच्या पुढच्या १ जानेवारीपासून. पंडितजींच्या हयातीत, म्हणजे १९५५ पर्यंत प्रसिद्ध झालेल्या तबकड्यांवरचा तो हक्क २०१५ अखेर संपला. मात्र त्यांच्या पश्चात कोणी आकाशवाणीचं वा मैफलीचं मुद्रण नव्याने प्रसिद्ध केलं असेल, तर त्याची साठ वर्षं तिथून सुरू. त्यामुळे तबकडीवरचं वर्ष बघा.

शब्द आणि चालीचा हक्क वेगळा असतो. तो कवीच्या किंवा संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. संतांची पदं असतील तर तो प्रश्नच उरत नाही. भावगीतं असतील तर ध्वनिमुद्रण मोकळं आणि शब्द अजून हक्कात, असं होऊ शकतं.

तुम्ही चार भिंतींत स्वतःच्याच तबकड्या ऐकताय, त्यावर कोणी नोटीस काढणार नाही. तोच प्रवाह इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुला केलात की तो प्रसारणाचा मामला होतो. तेव्हा ते ८००० नंबरचं दार घराबाहेर उघडू नका.

---

रसिक_पंचवटी

फार आभारी आहे वकीलसाहेब. तबकड्यांवर वर्षं नाहीत, पण क्रमांक आहेत. त्यांवरून संग्राहक मंडळी वर्ष काढतात, त्यांना विचारतो.

---

दगडी_कान

ध्वनीच्या दर्जाबद्दल कोणीच बोलेना, म्हणून बोलतो. १२८ वर तंबोरा पातळ होतो. टाळांचा किणकिणाट तर फुटल्यासारखा येतो, कारण एमपी३ पहिली कात्री वरच्या पट्टीला लावतो. वायफाय बीचं असलं तरी प्रत्यक्षात पाच-सहा एमबीपीएस हाती लागतातच. १९२ काय, ३२० सुद्धा सहज जाईल. १२८ चा हट्ट का?

दुसरं. ७८ च्या तबकड्या आणि जुन्या कॅसेटमधली बरीच गाणी मोनो आहेत. ती स्टिरिओ म्हणून एन्कोड करण्यात अर्थ नाही. खरोखरच्या मोनोत १२८ ठेवा, सगळे बिट एकाच चॅनेलला मिळतात आणि फरक कानाला कळतो. पायवर करताना तबकडीचा डावा-उजवा एकत्र मिसळून घ्या, खरखरही थोडी कमी होते. खरखर काढायच्या फिल्टरच्या नादी मात्र लागू नका. मी ऐकलेल्या बऱ्याच ‘स्वच्छ केलेल्या’ मुद्रणांत गायक पाण्याखालून गातोय असं वाटतं.

---

गोदाकाठी

मोनोचं पटलं. जुन्या माउंटला मोनो १२८ केलं, शास्त्रीयला स्टिरिओ १९२. बर्स्ट-साइझही त्या प्रमाणात वाढवला. बिटरेट मात्र स्थिरच ठेवतोय. बदलता ठेवला की साठ्याचा सेकंदांतला हिशोब बिघडतो.

---

पासधारक

नाशिक रोड ते दादर, पंचवटीने येऊन-जाऊन. माझ्याकडे पण पीएसपी आहे, मॉड केलेला. गाडीत मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून घरचा रेडिओ ऐकता येईल का?

---

कंडेन्सर

येईल, पण अडथळे मोजा. मोबाइलचा हॉटस्पॉट बहुधा डब्ल्यूपीए२ चाच असतो, म्हणजे ते प्लगइन पाहिजे. हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्झवर असेल तर २.४ वर आणायचा. मग घरच्या पायपर्यंत पोचायचं. घरच्या इंटरनेटला स्वतःचा सार्वजनिक पत्ता नसतो बहुतेकांकडे, म्हणून व्हीपीएन. मोबाइलवर व्हीपीएन लावलात तरी अँड्रॉइड हॉटस्पॉटवरच्या पाहुण्यांची रहदारी सहसा त्यातून नेत नाही. म्हणजे मोबाइलवर टर्मक्स (लिनक्सचे प्रोग्राम चालवणारं अॅप) टाकून त्यातच एक छोटा सर्व्हर चालवायचा. तो घरून प्रवाह घेईल आणि पीएसपीला देईल.

---

पासधारक

म्हणजे मोबाइल घरून गाणं घेणार, मोबाइलच ते पीएसपीला देणार, आणि मी पीएसपीला हेडफोन लावणार?

---

कंडेन्सर

बरोबर.

---

सातपूरकर

आता माझा पहिला प्रश्न कोणी हसण्यावारी नेऊ नका :D

---

जुना_खेळिया

@पासधारक, इगतपुरी ते कसारा बोगद्यांत नेटवर्क जाणारच आहे, तिथे सोळा सेकंदांचा साठा काय कामाचा. सरळ कार्डवर भरा. मायक्रोएसडीचा प्रो ड्युओ अडॅप्टर मिळतो, ३२ जीबीचं कार्ड घाला, १२८ केबीपीएसने साडेपाचशे तासांचं गाणं मावतं. कार्ड घेतलं की आधी पूर्ण भरून तपासा, नकली कार्डं ३२ सांगतात आणि ८ वर माना टाकतात. प्लेयर म्हणून लाइटएमपी३ हे होमब्रू टाका, त्यात ऑग आणि फ्लॅकही चालतं, जे मूळ पीएसपीला येत नाही. प्रोसेसरचा वेग कमी करता येतो, त्याने बॅटरी टिकते. वायफायची पट्टी बंद. दादरपर्यंत निवांत.

स्ट्रीमिंग घरात, कार्ड प्रवासात. मी तरी असंच वापरतो.

---

पासधारक

हे झेपेल. वाचनखूण साठवली.

---

सिडकोची_सून

@गोदाकाठी, मायक्रोवेव्हचं काय झालं? आमच्याकडेही तीच बोंब आहे, दुपारी डबे गरम करायच्या वेळेला.

---

गोदाकाठी

चॅनेल १ वर नेल्यापासून बंद पडत नाही. ओव्हन चालू असताना क्वचित एखादा झटका बसतो, तोही ओव्हनचं दार आणि पीएसपी एका रेषेत असतील तेव्हाच. जुना राउटर हॉलमधून काढून आप्पांच्या खोलीच्या दारावर लावला, त्याने जास्त फरक पडला असं मला वाटतं. कंडेन्सर यांनी सांगितल्याप्रमाणे फायरवॉलही घातली. आता त्या नेटवर्कवरून पायच्या ८००० शिवाय काही दिसत नाही.

एक नवीन भानगड आहे. बॅटरी काढल्यापासून लाइट गेली की पीएसपी बंद पडतो, आणि परत आली की आप्पांना मेन्यूतून रेडिओपर्यंत जावं लागतं. त्याआधी तारीख-वेळही विचारतो तो. चालू केल्यावर आपोआप ते पान उघडेल असं काही प्लगइन आहे का आर्क-४ ला?

---

कंडेन्सर

प्लगइनच्या मागे लागण्याआधी पाय आणि राउटर कशावर आहेत ते बघा. लाइट गेल्यावर तेही बंद पडत असतील, तर पीएसपी आधी उठेल आणि प्रवाह नंतर येईल, मग आपोआप उघडलेलं पान रिकामंच. राउटरसाठी छोटे १२ व्होल्टचे यूपीएस मिळतात, काहींना ५ व्होल्टचंही तोंड असतं. तिघांनाही एकाच यूपीएसवर घ्या. पीएसपीच्या अडॅप्टरवर दीड किंवा दोन अँपिअर लिहिलेलं असतं आणि पायही कमी खात नाही, तेव्हा एकूण बेरीज करूनच घ्या. पिन गोल आहे, बाहेरचा व्यास ४ मिमी आणि आतला १.७, मधला भाग धन. लावण्याआधी मल्टिमीटरने एकदा बघा.

---

गोदाकाठी

पाय आणि राउटर दोन्ही सध्या भिंतीवरच्या सॉकेटला आहेत. शनिवारी एम.जी. रोडला चक्कर होईलच, यूपीएस बघतो. कोणाकडे असा ५ आणि १२ दोन्ही देणारा चालू असेल तर नाव व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, इथे जाहिरात नको.

---

सिडकोची_सून

व्यनि केला आहे.